सट्ट्यास व्यापार म्हणू नका!

जी गोष्ट करावयाची असते, पण जिचे नाव घेण्याची लाज वाटते, तिला मनुष्य प्रथम नवे नाव देतो. लाचेचे 'चहापाणी' झाले, हुंड्याची 'वरदक्षिणा' झाली, आणि आता जुगाराचे 'ट्रेडिंग' झाले आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या तीन शहरांतून पोटापाण्यासाठी रोज मुंबईकडे निघणाऱ्या हजारो सुशिक्षित तरुणांच्या कानांवर हा शब्द हल्ली वारंवार पडू लागला आहे. फुटबॉलच्या सामन्यावर किंवा घोड्यांच्या शर्यतीवर आम्ही पैज लावीत नाही, पैजांची खरेदी-विक्री करतो. हरजितीशी आम्हांस कर्तव्य नाही, भावाच्या चढउतारावर आम्ही नफा काढतो, असा हा युक्तिवाद आहे. तो वरवर पाहता चतुरपणाचा वाटतो, म्हणूनच तो घातक आहे. जुगाराला जुगार समजून खेळणारा निदान भीत भीत खेळतो. त्याला धंदा समजणारा मात्र पगार, पत आणि बायकोचे दागिने 'भांडवल' म्हणून त्यात ओततो.

ही युक्ती काय आहे ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण न समजता केलेला निषेध तरुणांच्या गळी उतरत नाही. क्रिकेटच्या सट्ट्याने 'लगाई' आणि 'खाई' हे दोन शब्द आपल्याकडे पूर्वीच रूढ केले आहेत. एखादा संघ जिंकेल म्हणून पैसे लावणे ही लगाई. तो जिंकणार नाही ह्या बाजूने दुसऱ्याची पैज स्वीकारणे ही खाई. समजा, फुटबॉलच्या एका संघाचा भाव ७० पैसे आहे. त्यावर १,००० रुपये लावले आणि संघ जिंकला तर ७०० रुपये मिळतात, न जिंकला तर १,००० जातात. सामना सुरू झाला, त्या संघाने पहिला गोल केला आणि भाव ४० ते ४२ पैशांवर उतरला. आता आपल्या 'व्यापाऱ्या'ने ४२ पैशांच्या भावाने तेवढ्याच १,००० रुपयांची खाई केली. संघ जिंकला तर एकीकडून ७०० येतात व दुसरीकडे ४२० जातात. २८० रुपये पदरात पडतात. संघ जिंकला नाही तर एका हाताचे हजार गेले आणि दुसऱ्या हाताला हजार आले. तोटा शून्य. हे गणित एकदा कागदावर मांडून दाखविले की पदवीधर मनुष्यही हरखून जातो.

परंतु ज्या कागदावर हे गणित मांडतात, त्याची दुसरी बाजू कोणी दाखवीत नाही. पहिला गोल प्रतिपक्षाने केला तर काय होते? भाव उतरण्याऐवजी दीड रुपयापर्यंत चढतो. त्या क्षणी बाहेर पडावयाचे म्हटले तर ६८० रुपयांची खाई करून, निकाल कोणताही लागो, ३२० रुपयांचा तोटा निमूटपणे सोसावा लागतो. तो सोसण्याचे धैर्य फार थोड्यांना असते. बाकीचे बरोबरीच्या गोलाची वाट पाहत बसतात; आणि एकदा वाट पाहू लागलेला मनुष्य व्यापारी राहत नाही, तो साधा जुगारीच झालेला असतो. शिवाय खरेदीचा भाव ४० आणि विक्रीचा ४२ ह्यांमधले दोन पैसे प्रत्येक व्यवहारात कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्नही कोणी विचारीत नाही.

हा प्रकार परदेशांत कायदेशीर स्वरूपात चालतो, असे आम्हांस सांगण्यात येईल. चालतो, हे खरे आहे. २००० साली इंग्लंडमध्ये 'बेटफेअर' नावाची पेढी निघाली आणि तिने पैजांचा बाजारच भरविला. तेथे पैज पेढीशी लागत नाही, गिऱ्हाइके एकमेकांविरुद्ध लावतात आणि पेढी जिंकणाऱ्याकडून दलाली घेते. म्हणजे ह्या बाजारातील प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी हरण्यातून आलेला असतो, आणि सर्वांची बेरीज केली तर ती दलालीइतकी वजाच भरते. तरीही बुद्धिमान मनुष्य इतरांवर मात करील, असे कोणी म्हणेल. त्याने त्याच पेढीचा इतिहास पाहावा. २००८ पासून तिने सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकांवर जादा आकार बसविला, आणि २०११ साली काहींच्या बाबतीत तो नफ्याच्या ६० टक्क्यांपर्यंत नेला. जो धंदा आपल्या यशस्वी गिऱ्हाइकाकडूनच जबर आकार वसूल करतो, तो कोणाच्या अपयशावर उभा आहे हे वेगळे सांगावयास नको. आणि ही गोष्ट परवाना घेतलेल्या, हिशेब तपासला जाणाऱ्या पेढीची आहे. आपल्याकडे कोणा एजंटाने दिलेल्या 'आयडी'वर जो बाजार चालतो, त्याला ना परवाना, ना हिशेब, ना ठावठिकाणा.

फुटबॉलच्या ह्या बाजारात आपला तरुण किती उघडा पडतो पाहा. घरच्या पडद्यावर त्याला दिसणारा गोल प्रत्यक्षात काही सेकंद आधीच झालेला असतो. मैदानात बसलेल्या माणसाला तो आधी कळतो, आणि त्या काही सेकंदांवरच खरी कमाई होते. २०१४ साली मेलबर्नच्या टेनिस स्पर्धेत प्रेक्षकांत बसून असेच गुण परस्पर कळविणाऱ्या एका इंग्रज माणसास पोलिसांनी पकडले होते. पुढे त्याच्यावरील आरोप मागे घेण्यात आले; परंतु जगातील सट्टेबाज एका सेकंदाची काय किंमत देतात हे त्यातून उघड झाले. बदलापूरच्या आपल्या घरात भ्रमणध्वनीवर डोळे लावून बसलेला कारकून ह्या शर्यतीत पहिल्यापासूनच मागे असतो.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्या मालाचा हा व्यापार, तो मालच अस्सल असेल याची खात्री नाही. युरोपातील पोलीस संघटना 'युरोपोल' हिने फेब्रुवारी २०१३ मध्ये एकट्या युरोपातील ३८० फुटबॉल सामने संशयास्पद असल्याचे जाहीर केले. सामनाधिकारी, पदाधिकारी, खेळाडू आणि गुन्हेगार मिळून ४२५ जणांवर तिने संशय व्यक्त केला. आपल्या क्रिकेटचा २००० सालचा आणि २०१३ सालचा कलंक वाचक विसरले नसतील. भेसळीचे धान्य विकणाऱ्या दुकानदाराला आपण कोर्टात खेचू शकतो. विकलेल्या सामन्यावर बुडालेले पैसे मागावयास कोठे जाणार?

घोड्यांच्या शर्यतीची गोष्ट निराळी, असे म्हणणारा एक वर्ग आहे. मुंबईचे महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालचे. शर्यतींना परवाना देणारा मुंबईचा कायदा १९१२ सालचा. आणि शर्यतीत नशिबापेक्षा कौशल्याचा अंश अधिक आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला आहे. तेव्हा रेसकोर्सच्या आवारात लावलेली पैज बेकायदा नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण तेथे 'ट्रेडिंग' करून पोट भरू म्हणणाऱ्याने सरकारी आकारणीकडे एकवार पाहावे. पैजेच्या संपूर्ण रकमेवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला आहे. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे तो वेगळाच, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करून मिळत नाही. दहा वेळा शंभर-शंभर रुपये जिंकून नऊ वेळा शंभर-शंभर हरणाऱ्याला हाती शंभरच उरतात, पण आयकर भरावा लागतो तो हजारांवर, म्हणजे तीनशे रुपये! ज्या धंद्यात शेकडा दोन-तीन रुपयांच्या फरकावर नफा काढावयाचा, तो कायदा पाळून करणे ह्या देशात अशक्य आहे. म्हणून जो कोणी ह्यातून नियमित नफा मिळतो असे सांगतो, तो एक तर कर चुकवीत असला पाहिजे, नाही तर खोटे बोलत असला पाहिजे.

हा व्यापार नव्हे, हे काही आमचेच मत नाही. १९५७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रश्नाचा निकाल लावला आहे, आणि तो खटला आपल्याच मुंबई राज्याचा होता. बंगलोरला छापून मुंबई राज्यात खपणाऱ्या एका साप्ताहिकातून शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा चालविणाऱ्यांनी, आमचा हा धंदा असून घटनेने आम्हांस व्यापाराचे स्वातंत्र्य दिले आहे, असा दावा केला होता. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदापासून कौटिल्यापर्यंतचे दाखले देऊन तो फेटाळला. जुगार हा घटनेला अभिप्रेत असलेला व्यापार नव्हेच, असे त्या निकालाने ठरविले. त्याच्याही आधी, १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचा करार रद्दबातल ठरविलेला आहे, आणि जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या कायद्यान्वये पैजेला साहाय्यभूत असलेले करारही चालत नाहीत.

ह्या कलमांचा व्यवहारातील अर्थ मोठा कठोर आहे. जिंकलेले पैसे बुकीने दिले नाहीत तर दाद मागता येत नाही. आणि हरलेले पैसे वसूल करण्यासाठी बुकीलाही न्यायालयाचा दरवाजा बंद असल्यामुळे तो दुसऱ्या दरवाजाने येतो. धमकी, घरासमोरचा तमाशा, कार्यालयात येणारे दूरध्वनी ही त्या बाजाराची न्यायव्यवस्था होय. कर्ज फिटत नसेल तर आणखी एक तोड सुचविली जाते. तुझे बँकेतील खाते आम्हांस वापरावयास दे, एवढेच सांगतात. खाते भाड्याने देणाऱ्या पोराला वाटते की आपण काहीच केले नाही. चौकशी आली म्हणजे मात्र कागदावर नाव त्याचेच निघते. २०१८ च्या मे महिन्यात ठाणे पोलिसांनी डोंबिवलीतून आयपीएलच्या सट्ट्याचा एक धागा पकडला, तेव्हा तो मुंबईच्या चित्रपटसृष्टीपर्यंत जाऊन पोहोचला होता. हे जाळे केवढे लांबरुंद आहे आणि त्याच्या तळाशी अडकणारा मनुष्य किती लहान आहे, ह्याची कल्पना त्यावरून यावी.

खऱ्या व्यापाराचे सोंग घेणारा जुगार मुंबईला नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईस येत, आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. कापसाची एक गाठही न पाहिलेले लोक 'कापसाचा धंदा' करीत होते. १९६१ साली ते आकडे येणे थांबले. जुगार थांबला असेल, अशी अपेक्षा कोणी केली असेल तर ती फोल ठरली. १९६२ साली कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ साली रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले आणि मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. कल्याण मटका हे नाव कल्याणजींवरून पडले, आपल्या शेजारच्या कल्याण शहरावरून नव्हे. पण गिरणगावातील किती पगार त्या मडक्यात गडप झाले त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. गिरण्या गेल्या, आणि गिरणगावातील अनेक कुटुंबे परवडणाऱ्या घराच्या शोधात अंबरनाथ-बदलापूरपर्यंत येऊन वसली. आजोबांना ज्या मडक्याने नागविले, तेच आता काचेच्या पडद्याचे रूप घेऊन नातवाच्या खिशात बसले आहे.

ह्या तीन शहरांविषयी म्हणूनच आम्हांस विशेष चिंता वाटते. उल्हासनगरचा पाया ८ ऑगस्ट १९४९ रोजी घातला गेला. फाळणीने सर्वस्व हिरावून घेतलेले सिंधी निर्वासित लष्कराच्या ओसाड बराकींत येऊन राहिले, आणि लाडू-पापडापासून लाकडी सामान व जीन्सच्या कापडापर्यंत जे जे हाती लागले ते विकून त्यांनी एक शहर उभे केले. व्यापार म्हणजे काय हे शिकावयाचे असेल तर ते ह्या शहराच्या पहिल्या पिढीकडून शिकावे. माल ओळखणे, उधारी सांभाळणे, शब्द पाळणे आणि थोड्या नफ्यावर पुष्कळ काळ धीर धरणे हे त्यांचे भांडवल होते. त्या शहराच्या गल्लीत सट्ट्याला व्यापार म्हणणे हा त्या कष्टाळू पिढीचा अपमान होय. अंबरनाथने शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात आणि औद्योगिक वसाहतीत हाताचे कौशल्य जोपासले. बदलापूर हे नाव तर जुन्या काळी प्रवासी येथे घोडे बदलीत त्यावरून पडले, असे सांगतात. तो घोडा माणसाला मुक्कामाला पोहोचवीत होता. हल्ली ज्या घोड्यांच्या नावावर तेथील पगार उधळले जातात, ते घोडे कोणाला कोठेच पोहोचवीत नाहीत. मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर दूर राहून रोजचे तीन-चार तास गाडीत उभे राहणाऱ्या, घराच्या हप्त्याने वाकलेल्या माणसाला जादा मिळकतीची ओढ वाटणे आम्ही समजू शकतो. नेमके त्याच ओढीला पकडावयास हा गळ टाकलेला आहे.

येथे एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. शेअर बाजारात तरी दुसरे काय चालते? उत्तर असे की, शेअर विकत घेणारा एखाद्या कारखान्यात भागीदार होतो, आणि वायद्याच्या सौद्याने शेतकरी वा गिरणीवाला भावाच्या चढउतारापासून स्वतःचे संरक्षण करू शकतो. सामन्यावरील पैजेने कोणाचेही संरक्षण होत नाही, काहीही निर्माण होत नाही. तथापि शेअर बाजारातील निव्वळ सट्ट्याचेही आम्ही समर्थन करीत नाही. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे, वायदा आणि ऑप्शनच्या व्यवहारांत पडलेल्या एक कोटींहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत तोटा झाला, आणि तोट्याची एकूण रक्कम १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होती. जेथे नियंत्रक आहे, पारदर्शक भाव आहेत आणि दाद मागण्याची सोय आहे, तेथे ही दशा! मग अंधारातल्या बाजारात शंभरांत किती जण तरत असतील?

आता सरकारविषयी. जुगार समूळ बंद करावा की त्यावर नियंत्रण ठेवून कर घ्यावा, हा वाद दोन हजार वर्षांचा आहे. मनूने राजाला तो बंद करावयास सांगितले. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घ्यावयास सांगितले. २०१८ साली केंद्रीय विधी आयोगाने आपल्या २७६ व्या अहवालात, बंदी परिणामकारक होत नसेल तर कडक नियंत्रण हाच मार्ग उरतो, असे मत दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मात्र मनूची बाजू घेतली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, त्यांत कौशल्य असो वा नशीब, मनाई करणारा कायदा संमत झाला आणि २२ ऑगस्ट रोजी राष्ट्रपतींनी त्यास संमती दिली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तसेच बँकांना अशा व्यवहारांचे पैसे हलविण्यास बंदी, ह्या त्यातील तरतुदी होत. खेळणाऱ्यास त्यात शिक्षा ठेवलेली नाही, आणि ते आम्हांस योग्य वाटते. कारण बुडालेल्या माणसाने भीती न बाळगता पुढे येणे हाच ह्या जाळ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आहे.

परंतु कायदा छापून निघाल्याने व्यसन सुटत नाही. महाराष्ट्रात आजही आधार घ्यावा लागतो तो १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याचा. अड्डा, पट आणि फासे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या त्या कायद्याने भ्रमणध्वनीतला अड्डा कसा धरावा? राज्य सरकारने तो नव्याने लिहावा, ही आमची पहिली मागणी आहे. दुसरी मागणी पोलिसांकडे. स्पर्धांच्या हंगामात छापा पडतो, चार भ्रमणध्वनी आणि एक संगणक जप्त होतो, दोन पोरांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. पण त्यांना 'आयडी' देणारा आणि त्याच्याही वरचा मनुष्य पुढच्या हंगामात तसाच मोकळा राहतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तिन्ही शहरे ठाणे पोलिसांच्या एकाच परिमंडळात येतात. तपास खालून वर नेण्यास हद्दीची सबब येथे तरी सांगता येणार नाही. तिसरी मागणी बँकांकडे. वीस हजार पगाराच्या खात्यातून लाखोंची उलाढाल होऊ लागली तर ती महिनोन्महिने कोणाच्या नजरेस पडू नये, हे पटण्यासारखे नाही. आणि जे सरकार १९६९ पासून स्वतः लॉटरी चालवीत आले आहे, त्याने नीतीचे पाठ देताना आपल्या तिजोरीकडेही पाहावे. आडवळणाने सट्ट्याची जाहिरात करणारे नट आणि खेळाडू, आणि त्या जाहिराती छापणारी वृत्तपत्रे, ह्यांनाही हाच नियम लागू आहे.

शेवटचे सांगणे घराघरांतील वडीलधाऱ्यांस आहे. मुलगा अडकल्याचे कळताच घरची माणसे बहुधा दोनच गोष्टी करतात. एक तर त्यास घराबाहेर काढतात, नाही तर अब्रूच्या भयाने गुपचूप कर्ज फेडून विषय मिटवितात. दोन्ही मार्ग बुकीच्याच सोयीचे आहेत. घराबाहेर काढलेल्या मुलाला तोच आधार देतो, आणि एकदा फिटलेले कर्ज तो दुप्पट करून पुन्हा देतो. त्यापेक्षा वहीपेन्सिल घेऊन मुलाच्या शेजारी बसावे, लगाई-खाईचा गेल्या सहा महिन्यांचा सगळा हिशेब त्याच्याच हाताने मांडून घ्यावा, आणि जिंकल्याच्या रकमांबरोबर हरल्याच्या रकमाही त्यात लिहावयास लावाव्यात. धमक्या येत असतील तर उघडपणे पोलिसांत जावे. खात्यावरील पैसे फसवणुकीने गेले असतील तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. खरा व्यापारी रोज रात्री खतावणी लिहितो आणि ती घरच्या माणसांना दाखविण्यास कचरत नाही. ज्याला आपला हिशेब घरात दाखविता येत नाही, त्याने आपण व्यापार करीत आहो असे दुसऱ्यास सांगू नये, आणि स्वतःस तर मुळीच सांगू नये.